पक्कारावांचं दार

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळा बाजार पक्काराव म्हणतो. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुणी खिडकीची जाळी घेऊन येवो, नाहीतर पलंगाचा तुटलेला पाय, भावोजींचा पहिला प्रश्न ठरलेला, "पक्कं करायचं ना?" जसं काही लोक कच्चं करून घ्यायलाच येतात! गिऱ्हाईक घाईत असायचं. "अहो, सध्यापुरतं चिकटवून द्या," म्हणायचं. मग भावोजींचा चेहरा असा पडायचा की बिचाऱ्या गिऱ्हाइकालाच ओशाळं वाटायचं. शेवटी तो पाय पक्काच होऊन जायचा आणि पलंग मोडला तरी पाय राहायचा.

वेल्डिंगमध्ये दोन गोष्टी असतात, एवढं मला त्यांच्या दुकानात बसून बसून कळलंय. एक टाका. म्हणजे दोन लोखंडं एकमेकांना नुसती पकडून ठेवायला मारलेला ठिपका, हातोड्याच्या दोन घावांत निघणारा. आणि दुसरी सलग भरलेली रेघ. तीसुद्धा भावोजींची असेल तर वरवरची नाही. फटीत लोखंड असं मुरवायचं की मागच्या बाजूनंही ते उमटलं पाहिजे. काम झालं की रेघेवर जमलेली जळकी खपली पाडायची, वस्तू उलटी करायची आणि मागून बोट फिरवायचं. मागे रेघ हाताला लागली की माणूस खूश. ताई म्हणायची, "माझ्याशी लग्नही असंच केलंय यांनी. सुटायची सोयच ठेवली नाही." यावर भावोजी लाजायचे. पन्नाशी ओलांडलेला, भुवया जळालेला, बोटं काळी पडलेला माणूस लाजताना फार गोड दिसतो.

मी नर्स आहे. तोंडाची फटकळ आहे असं सासरी आणि माहेरी दोन्हीकडे एकमत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. मला जे दिसलं तेच मी सांगणार, आणि ज्याचा राग आला त्याचा रागही सांगणार.

साथ आली आणि सगळं बंद झालं तेव्हा भावोजींचं दुकानही बंद झालं. रिकामं बसणं त्यांना जमेना. घरातल्या सगळ्या खुर्च्या हलवून बघून झाल्या, एकही डुगडुगत नव्हती, सगळ्या त्यांनीच केलेल्या. अशात वॉर्ड ऑफिसातून साहेबांचा फोन आला. प्रत्येक इमारतीला येण्याजाण्याचं एकच दार ठेवायचं, बाकीची बंद करायची, असं ठरलं होतं. बाजारातल्या सगळ्या वेल्डरांना दारं वाटून दिली. भावोजींच्या वाट्याला मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीचं दार आलं. पत्र्याचं, दोन झडपांचं. त्या दारातून बाहेर पडलं की गल्ली ओलांडून समोरच डॉक्टरांचा दवाखाना. ताई सांगते, त्या दिवशी भावोजी दाढी करून निघाले. कामाला निघालेला माणूस होता तो, त्यात वाईट काय होतं?

साहेब एवढंच म्हणाले होते, "बंद करून टाका." बाकीच्या वेल्डरांनी दोनदोन टाके मारले आणि घरी गेले. भावोजींनी मात्र झडपांच्या मधली फट वरून खालपर्यंत भरली. मग दोन्ही बाजूंना चौकट आणि झडप यांच्यातली फट भरली. सगळी सकाळ त्यात गेली. तिसऱ्या मजल्यावर एक शिलाईबाई राहायच्या. एकट्याच होत्या, थोरला भाऊ दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "अहो, किती वेळ ठिणग्या उडवताय? माझे कपडे वाळत घातलेत!"

"झालंच बाई," भावोजी खालून म्हणाले. "पक्कं होऊ दे एकदाचं."

"कुणाला एवढं कोंडताय, वाघाला?" बाई म्हणाल्या आणि हसत हसत कपडे आत घेऊन गेल्या. भावोजींनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्हीही हसलो होतो.

पुढे काय झालं, तर बाकीच्या इमारतींची दारं आठवड्याभरात उघडली. लोकांनी लाथा घातल्या, टाके तुटले, आणि दूध आणायला, सिगारेट ओढायला, नुसतं मोकळं उभं राहायला माणसं मागच्या दारानं ये-जा करू लागली. टिकलं ते एकच दार. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. "पक्काराव, तुमचंच एक काम खरं निघालं." भावोजींनी तो फोन जेवताना आम्हाला दोनदा ऐकवला. ताईनं वाढलेलं निमूटपणे खाणारा माणूस त्या दिवशी आणखी मागून जेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिलाईबाईंना श्वास पुरेना. संध्याकाळची वेळ होती. भावानं त्यांना आधार देऊन मागच्या जिन्यानं खाली आणलं, कारण दवाखाना समोर. दार बंद केलंय हे त्याला ठाऊक होतं. पण आजूबाजूची सगळी बंद दारं लाथेसरशी निघालेली त्यानं पाहिली होती. हेही निघेल असं त्याला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. दार निघालं नाही. आवाज ऐकून समोरून डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर धावत आले. ते बाहेरून ओढत होते, आतून लोखंडावर लोखंड आपटत होतं. मध्ये पत्रा. शेवटी बाईंना उचलून पुन्हा जिना चढून, इमारतीतून पुढच्या दाराकडे न्यावं लागलं. तिथे बांबू लावलेले, पोलिसाला समजावणं आलं. बाई पुढच्या अंगणातच गेल्या.

वेळेवर दार उघडलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही भावोजींना तेच सांगितलं. वेळेवर आणलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत आणि उशिरा आणलेली चालत घरी गेली आहेत. हे मी त्यांना समजावून समजावून थकले. ते मान हलवायचे. त्यांच्या आत काही पोचत नव्हतं, हे मला दिसत होतं.

दुकानं पुन्हा सुरू झाली आणि भावोजींना तो आवाज ऐकू यायला लागला. मशीन चालू असेपर्यंत ठीक असायचं. मशीन बंद केलं की ते काच डोळ्यांवरून खाली घ्यायचे आणि मागे वळून बघायचे. "कुणी आलं का गं?" ताईला विचारायचे. ताई डबा घेऊन आलेली असायची. कुणी नसायचं. "लोखंड आपटतंय कुठेतरी," म्हणायचे. लोखंडाच्या बाजारात लोखंड आपटणारच की, म्हणून आम्ही आधी सोडून दिलं. मग एका सुट्टीच्या दिवशी सगळा बाजार बंद असताना, घरी चहा पिता पिता, त्यांनी कप खाली ठेवला आणि वळून बघितलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या गल्लीत जायला लागले. मी एकदा पाठोपाठ गेले. बंद दारासमोर उभे होते. उन्हानं पत्रा तापलेला. त्याला त्यांनी तळहात लावला, मग कान लावला. मी जवळ गेले तर दचकले नाहीत, उलट थोडे बाजूला सरकून मला जागा करून दिली. मीही कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण मी कान लगेच काढून घेतला, हेही खरं.

"हे उघडायला हवं," ते म्हणाले. "उघडलं की थांबेल."

साधं होतं की नाही? ग्राइंडर न्यायचा, कापायचं, मोकळं करायचं. पण ज्या साहेबांना बंद करायला एक फोन पुरला होता, त्यांना उघडायला वरून लेखी परवानगी हवी होती. "मी विचारून ठेवतो," म्हणायचे. कुणाला विचारून ठेवत होते देव जाणे. आणि तोपर्यंत त्या दारावर बाजाराचे दोन तट पडले.

कारण तेव्हा लस आली होती. माझी ड्युटी लसीच्या केंद्रावर लागली, आणि तिथल्या रांगेपेक्षा रांगेबाहेर जास्त गर्दी असायची, भांडायला. वॉर्डात ठराव येणार होता की लस न घेतलेल्याला बाजारात दुकान उघडता येणार नाही, कामावर जाता येणार नाही. औषधांच्या दुकानाचा मालक ठरावाच्या बाजूनं. त्याचा सख्खा मामा साथीत गेलेला, म्हणून त्याचा आवाज चढायचा हे मला समजत होतं. पण तो असं बोलायचा की समोरचा माणूस नसून जंतूच आहे. दुसऱ्या बाजूला व्यायामशाळेचा मालक. बंदच्या काळात त्याचा धंदा बुडाला, वजनं भंगारात गेली. आता दंडावर सुईचीही सक्ती म्हणताच तो पेटला. त्याचं दुःख खरं होतं, पण त्यावर तो जे काय काय रचून सांगायचा ते ऐकून माझा संताप व्हायचा. लसीत काय असतं हे मला विचारायच्या ऐवजी तो मलाच शिकवायला यायचा.

व्यायामशाळेवाल्यानं त्या दारावर पाटी टांगली, 'हे दार विसरू नका.' दार उघडू द्यायचं नाही असं त्याच्या लोकांनी ठरवलं, पुरावा म्हणून. औषधवाला म्हणाला, दार बंद राहिलं म्हणून त्या इमारतीतली बाकीची माणसं जगली, उघडायचं कशाला? दोघांचं भांडण सगळ्या गोष्टींवर होतं. एका गोष्टीवर एकमत, दार बंदच राहावं. शिलाईबाईंच्या भावाला काय वाटतं हे विचारायला दोघांतलं कुणी जिना चढलं नाही.

आणि भावोजींनी लस घ्यायला नकार दिला.

मी कपाळाला हात लावला. धुरानं आधीच छातीचा खोका झालेला माणूस! रोग शिरला तर सरळ वर, हे त्यांना मी तोंडावर सांगितलं. ताई रडली, अबोला धरला, पुन्हा बोलली. व्यायामशाळेवाला येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला, "शाब्बास पक्काराव, तुम्ही आमचे." मला तर त्या थापेचाच जास्त राग आला.

"तुम्ही त्याचे आहात का?" मी विचारलं.

"मी कुणाचा नाही, मेव्हणीबाई," भावोजी म्हणाले. "सुईला भितो असंही नाही. तू देतेस म्हणजे चांगलंच असणार. पण मागच्या खेपेला सांगितलं आणि मी केलं. विचारलं नाही, मागे जिना आहे का, पुढे दवाखाना आहे का. आता पुन्हा सांगतायत. माझा हातच वर होत नाही गं. ते दार उघडू दे. मग बाही वर करतो."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तर झालं," म्हणाले. एवढं बोलून त्यांनी वळून बघितलं. मागे नेहमीसारखं कुणीच नव्हतं.

साथीची पुढची लाट येणार अशा बातम्या सुरू झाल्या होत्या. मला रोज सकाळी केंद्रावर जाताना वाटायचं, आज ताईचा फोन येईल. लाट आधी येते की परवानगी, एवढाच प्रश्न उरला होता. परवानगीची चाल मला ठाऊक होती.

ठरावावर लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, तोंडाला फडकी, आणि फडक्याआडूनही आरडाओरडा. औषधवाला बोलला, मेलेल्यांची नावं घेतली, सगळे गप्प झाले. व्यायामशाळेवाला बोलला, बुडालेल्या दुकानांची नावं घेतली, तेव्हाही सगळे गप्प झाले. मग त्यानं बोट दाखवलं. "ते दार ज्यांनी बंद केलं ते स्वतः इथे आहेत. सांगा पक्काराव, कुणी करायला लावलं तुम्हाला?" साहेब स्टेजवर बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

भावोजी उठले. एवढ्या माणसांत बोलायची त्यांना सवय नाही. फडकं नाकावरून सारखं घसरत होतं.

"साहेब म्हणाले बंद करा," ते म्हणाले. "पक्कं कर असं कुणी म्हणालं नव्हतं. दोन टाके पुरले असते. सगळ्यांनी दोनच मारले. मी भरून टाकलं."

"पण हुकूम तर..." व्यायामशाळेवाला म्हणाला.

"हुकूम बंदचा होता. पक्कं माझं."

"तुमच्यामुळे माणसं वाचली!" औषधवाला ओरडला.

"असतील," भावोजी म्हणाले. "मला एकच बाई ऐकू येते."

दोन्ही बाजूंच्या हातातलं जणू काहीतरी काढून घेतलं होतं. तेवढ्यात मागच्या भिंतीशी उभा असलेला एक माणूस बोलला. इतका वेळ तो तिथे होता आणि कुणी त्याला ओळखलं नव्हतं. शिलाईबाईंचा भाऊ होता तो.

"मग उघडा की आता," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चीड नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

साहेब म्हणाले, "प्रक्रिया सुरू आहे." भावोजी तोवर हॉलच्या दारात पोचले होते. त्यांनी दुकानातून ग्राइंडर आणला, दवाखान्यातून वायर ओढली. डॉक्टरांनी स्वतः खटका दाबला. अडवायला बरेच जण आले होते. पाटी टांगणारेही आले. पण पहिली ठिणगी उडाली आणि सगळे मागे सरले, काही आदरानं आणि काही कपड्यांच्या काळजीनं.

स्वतःचं काम कापणं सोपं नव्हतं. चकत्या झिजत होत्या. रेघेला चकती लागत नाही म्हटल्यावर शेवटी त्यांनी रेघेशेजारचा पत्रा कापला. कडेच्या रेघा तशाच चौकटीला राहिल्या, मधली झडपेला. ऊन कलत आलं तेव्हा झडप हलली. भावोजींनी ती ओढली, आणि त्यांना दाराची आतली बाजू पहिल्यांदा दिसली.

आतला पत्रा खड्ड्यांनी भरला होता. एका जागी, दोन झडपा मिळतात तिथे, एवढे घाव होते की रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं आणि त्यावर गंज चढला होता. सगळे घाव एकाच आकाराचे होते, एका बाजूनं टोकदार. आणि त्या घावांच्या मधून, वरपासून खालपर्यंत, भावोजींची रेघ आत उमटली होती. कुठेही तडा नव्हता.

बाईंचा भाऊ आतल्या बाजूला, जिन्याच्या पायरीवर उभा होता.

"कशानं मारत होतात?" भावोजींनी विचारलं.

"तिच्या इस्त्रीनं. लाथेनं निघेना म्हणून वर पळत जाऊन आणली. तेच एक जड होतं घरात."

भावोजींनी रेघेवर बोट ठेवलं. काम झाल्यावर मागून फिरवायचे तसंच ते फिरवलं, सवयीनं असेल. मग हात झटकन मागे घेतला. "त्या काही बोलल्या का?" त्यांनी विचारलं. "मला शिव्या दिल्या असतील. सांगा. मला ऐकायचंय."

मला वाटलं, नको सांगू बाबा. काहीही असो, नको सांगू.

"शिव्या कुठल्या," तो म्हणाला. "भिंतीला टेकून बसली होती. दम नव्हता. हात लांब करून तिनं ती रेघ चाचपली. मला म्हणाली, दादा, सोड. हे उसवायचं नाही. हातात कला आहे रे त्याच्या."

भावोजींनी ग्राइंडरची वायर गुंडाळली, व्यवस्थित, नेहमीसारखी. कापलेल्या कडा धारदार होत्या, मुलाबाळांचा हात कापेल म्हणून त्या घासून गुळगुळीत केल्या. मग भावाला हात जोडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर आले. रांगेत उभे राहिले, माझी ओळख सांगून पुढे घुसले नाहीत. बाही स्वतःच वर केली. बाहेर ठरावावरून आरडाओरडा चालूच होता. मी सुई टोचली, कापूस दाबला, आणि सगळ्यांना बसवतो तसं बाजूच्या खुर्चीवर बसवलं. माझा जीव भांड्यात पडला होता. एवढ्या महिन्यांनी मला त्यांची थट्टा करावीशी वाटली.

"काय पक्काराव, त्रास काही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मी हळूच विचारलं, "आणि तो आवाज?"

"थांबला," ते म्हणाले. "काल दार हललं तेव्हाच थांबला."

"मग झालं तर!"

भावोजींनी बाही खाली केली आणि बटण लावलं. "आता त्या बोलतात," म्हणाले. "कौतुक करतात गं माझं."

मागे रांग वाढत होती. मी पुढच्या माणसाला हाक मारली.